कुशिमोतोला न खाल्लेला शिरा

सातवा महिना लागला आणि मला डोहाळे लागले ते डाळिंबाच्या काकवीचे. चिंच नाही, कैरी नाही. डाळिंबाचा रस आटवून तुर्की लोक जी काळीकुट्ट, आंबट काकवी करतात, ती. टोकियोतल्या एका तुर्की रेस्टॉरंटमध्ये ऑफिसच्या पार्टीला ती कोशिंबिरीवर घालून मिळाली होती. तेव्हा काही विशेष वाटली नव्हती. आता मात्र तोयोसुच्या ऑफिसात, क्लायंट समोर बसलेला असताना, तिच्या आठवणीने तोंडाला पाणी सुटायचं.

आई माझ्या बाळंतपणासाठी पुण्याहून टोकियोला, आमच्या ओजिमाच्या घरी आली होती. डिंक, अळीव, खारीक, सुंठ, असं सगळं घेऊन आली होती. कपडे दोनच जोड होते, कारण बॅगेत जागा उरली नव्हती. डोहाळ्यांची गोष्ट तिने फार गांभीर्याने घेतली. "डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाचे कान फुटतात," ती निखिलला म्हणाली. निखिल म्हणजे माझा नवरा. "मग इथल्या डॉक्टरशी कानाबद्दल जपानीत कोण बोलणार, तुम्ही?"

निखिलचं जपानी 'माफ करा' आणि 'प्लास्टिकचा कचरा कुठल्या वारी' याच्या पुढे गेलेलं नाही. त्यामुळे तो घाबरला. काकवीची बाटली घरपोच मागवता आली असती, पण त्याने इंटरनेटवर शोधता शोधता वेगळंच काढलं. जपानच्या दक्षिण किनाऱ्यावर कुशिमोतो नावाचं गाव आहे, त्याचं तुर्कस्तानशी जुनं नातं आहे आणि तिथे तुर्की खाणं मिळतं. आईने जपानमध्ये येऊन आमच्या गल्लीतलं सुपरमार्केट आणि माझं हॉस्पिटल एवढंच पाहिलं होतं. बाळ झाल्यावर आम्ही कुठे जाणार नव्हतो. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली आणि आम्ही निघालो.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात माझा गर्भ पडला होता. तेव्हा आई इथे नव्हती, आणि ते तिला अजून लागून आहे. या वेळी ती आली तीच कंबर कसून. मी जिना उतरताना तिचा हात माझ्या पाठीवर असायचा, लिफ्ट असली तरी.

ओशिमा बेटावर

ओसाकाहून कुशिमोतोची गाडी किनाऱ्याकिनाऱ्याने जाते. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र, मधे जेमतेम रुळांपुरती जागा. संत्र्याच्या बागा पाहून आई म्हणाली, "कोकणच आहे, फक्त कुणी ओरडत नाही." मी हसले, पण दोन दिवस आमच्यापैकी जो कोणी मोठ्याने बोलेल त्याला ती हेच ऐकवत होती.

आम्ही एका घरगुती लॉजमध्ये सामान टाकलं आणि भाड्याची मोटार घेऊन पुलावरून ओशिमा बेटावर गेलो. टोकाला दीपगृह आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एक तुर्की जहाज जपानच्या बादशहाची भेट घेऊन परत निघालं होतं. वादळात ते या दीपगृहाखालच्या खडकांवर आदळून फुटलं. शेकडो माणसं गेली. जी थोडी वाचली ती कडा चढून वर आली, आणि बेटावरच्या मासेमारांनी त्यांना घरात घेतलं. वादळामुळे मासेमारी बंद होती, खायला त्यांच्याकडेच फारसं नव्हतं. तरी साठवणीची रताळी काढली, कोंबड्या होत्या त्या कापल्या. समुद्रातून वर आणलेली प्रेतं त्यांनी टेकडीवर पुरली. तिथे आता स्मारक आहे, आणि जवळच तुर्की काचेचे दिवे, गालिचे, मिठाया विकणारं दुकान.

निखिल हे सगळं फोनवर वाचून दाखवत होता आणि मी आईला सोपं करून सांगत होते. आईने स्मारकाला हात जोडले. मग बराच वेळ ती खालच्या खडकांकडे बघत राहिली.

"परक्या माणसांच्या प्रेतांना हात लावला त्यांनी," ती म्हणाली. "ना जात माहीत, ना नाव माहीत."

"मोठीच माणसं," निखिल म्हणाला.

"हो. पण आपण आता परत गेल्यावर आंघोळ करायची. सगळ्यांनी."

दुकानातलं तुर्की आइस्क्रीम मी तिथेच खाऊन घेतलं. एका जातीच्या कंदाची पूड घालून ते घोटतात, त्यामुळे चमच्याला चिकटून ताणलं जातं. इस्तंबूलमध्ये म्हणे विकणारा लांब दांड्याने ते तुमच्या हातात देतो आणि परत काढून घेतो, असा खेळ चालतो. इथे काउंटरवरच्या जपानी बाईंनी दोन्ही हातांनी कोन माझ्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. निखिलची व्हिडिओ काढायची तयारी वाया गेली. आईने मात्र चाटून पाहिलं आणि म्हणाली, "खरवसाचा भाऊ आहे." त्या संध्याकाळी लॉजवर तिने सार्वजनिक स्नानगृहाला ठाम नकार दिला आणि खोलीच्या न्हाणीत बादलीने डोक्यावरून पाणी घेतलं. आम्हा दोघांनाही घ्यायला लावलं. तिच्या सुतकाच्या कल्पना मला लहानपणापासून पाठ आहेत. त्यावर हसायचं आणि पाळायचं, अशी आमच्या घरची पद्धत आहे.

सेविम-सानचं दुकान

जपानमध्ये आईचे खाण्याचे हाल होते. इथे बहुतेक रस्सा, सॉस, साधी उकडलेली भाजीसुद्धा माशांच्या पाण्यात शिजवतात. ती शाकाहारी, आणि वासाने ओळखते. लॉजवरच्या मालकीणबाईंनी मुद्दाम तिच्यासाठी केलेलं टोफू तिने हुंगून हळूच निखिलच्या ताटात सरकवलं. ती दिवाळीच्या उरलेल्या चिवड्यावर दिवस काढत होती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बंदराजवळच्या गल्लीत ते छोटं तुर्की खाण्याचं दुकान शोधत गेलो, ते माझ्या डोहाळ्यांइतकंच तिच्या पोटासाठी.

चार टेबलं, एक काउंटर, मागे स्वयंपाकघर. दुकान चालवणारी सेविम-सान (सान म्हणजे आपलं 'बाई') पन्नाशीच्या आसपासची, ठसठशीत नाकाची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली. नवरा जपानी, मोठ्या मासेमारी बोटीवर, महिनोन्‌महिने बाहेर. ती वीस-बावीस वर्षं इथेच आहे. माझं पोट पाहिल्याबरोबर तिने खुर्चीला उशी लावली आणि जपानीत विचारलं, "काय खावंसं वाटतंय?" मी म्हटलं, डाळिंबाची काकवी. तिने हात कमरेवर ठेवून माझ्याकडे पाहिलं, आणि वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारखी हसली.

काय काय आलं ते लिहून ठेवते, तुमच्या उपयोगी पडेल. आधी मसुराचं पिवळं दाट सूप. वरून लाल मिरचीचं तापवलेलं लोणी, बाजूला लिंबाची फोड. आईने दोन चमचे घेतले आणि डोळे मिटले. "आमटी," ती म्हणाली, "मासा न पडलेली आमटी." मग तांब्याच्या पेल्यातून फेसाळ ताक. ते मीठ घालून इतकं घुसळतात की वर फेसाची टोपी येते. जिरं नाही, आलं नाही, तरीही ताकच. टोमॅटो-काकडीची बारीक चिरलेली कोशिंबीर आली आणि त्यावर माझी काकवी. मी ती बोटाने चाटली, कोशिंबिरीची वाटही न बघता. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून केलेल्या लहान लहान वळकट्या होत्या. आईच्या मते अळूच्या पानाला त्यांची सर नाही. शेवटी पालक आणि पांढरं चीज भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी. सेविम-सान ती बारीक काठीसारख्या लांब लाटण्याने लाटत होती. आई काउंटरपाशी उभी राहून तिचे हात बघत होती.

"हात कसा चालतो बघ," आई मला म्हणाली. "पीठ लावतसुद्धा नाहीये जास्त."

मी भाषांतर केलं. माझं ऑफिसातलं कामच ते आहे. जपानी क्लायंट आणि पुण्यातली टीम यांच्यामध्ये बसून एकाचं दुसऱ्याला सांगायचं. आमच्यात त्याला ब्रिज इंजिनिअर म्हणतात. सेविम-सान लाटणं न थांबवता म्हणाली, "माझ्या आईने शिकवलं. ती याहून पातळ लाटायची." तेव्हा त्यात मला काही जाणवलं नाही.

जेवण झालं. निखिल भाड्याची मोटार परत करायला गेला, आम्ही दोघी चहाची वाट बघत बसलो. आणि मला वास आला. लोण्यात रवा भाजल्याचा.

आईचं नाक माझ्याआधी वळलं होतं. "अगं, शिरा."

"आई, तुर्कांकडे कुठला शिरा?"

"मला रवा कळत नाही का? लोण्यात टाकलाय, तुपात नाही. आणि मंद आचेवर आहे."

ती उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली. मीही गेले. रुंद पातेल्यात रवा आणि पाइनच्या बिया परतणं चालू होतं. सेविम-सान ढवळत होती, पण हात मधेच थांबत होता. आईला ते बघवेना. "खाली लागेल," म्हणत ती सरळ आत शिरली आणि तिच्या हातातून लाकडी कालथा घेतला. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण सेविम-सानने मान हलवून मला गप्प केलं. ती बाजूला सरकली आणि आईला ढवळू दिलं.

त्या दोघींकडे बोलायला एकही समान शब्द नव्हता. रवा बदामी झाला तसं सेविम-सानने दूध-साखर उकळून आणली. आईने मान डोलावली, तिने ओतली, चर्र आवाज झाला, आईने झाकण ठेवलं. सेविम-सानने झाकणाखाली पांढरं फडकं अंथरलं. "वाफेचं पाणी पडू नये म्हणून," आई माझ्याकडे वळून म्हणाली. "बरोबर आहे." सेविम-सान अ‍ॅप्रनला डोळे पुसत होती. "धूर झालाय. पंखा लावा म्हणावं," आई म्हणाली. तिचा चेहरा इतका खुलला होता की जपानला आल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता.

"विचार ना, आज काय आहे त्यांच्याकडे," ती म्हणाली. "पूजा आहे का? मुलगा-बिलगा पास झाला?"

मी विचारलं, आज काही आनंदाचं आहे का. सेविम-सान म्हणाली, "सांगते. आधी बसा."

तिने शिरा चमच्याने दाबून मुटक्यासारखा केला, वर दालचिनीची पूड भुरभुरवली, आणि पहिली वाटी माझ्यापुढे ठेवली. "तुला वास आला ना? पोटातल्यालाही आला असणार. आमच्याकडे पोटुशी बाईला वास आला की पहिला घास तिचा. नाही दिला तर पाप लागतं." मी आईला सांगितलं. आई हरखून म्हणाली, "आपल्यासारखंच की."

मी चमचा उचलला. सेविम-सान समोरच्या खुर्चीत बसली आणि हळू आवाजात बोलायला लागली. मी सवयीने एकेक वाक्य आईला मराठीत देत गेले.

"हा माझ्या आईसाठी केलाय. गेल्या आठवड्यात ती गेली. आमच्यात त्याच दिवशी माती देतात, इथून निघून मी पोचले नसते. घरात माणूस गेलं की आम्ही हा करतो, आळीपाळीने सगळ्यांनी ढवळायचा, सगळ्यांना वाटायचा. इथे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की लोक काळे कपडे घालून पैशांचं पाकीट घेऊन येतात, आणि मला ते नको होतं. मला फक्त कुणीतरी खायला हवं होतं. तुम्हाला वासावरून कळलं म्हणून तुम्हाला सांगते. खाताना तिचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, उजेडात राहा. माझ्या आईचं नाव..."

आईचा तळहात माझ्या वाटीवर आला. "ठेव खाली."

"आई..."

"सुतकातलं आहे. तू असं खाऊ नकोस. ठेव."

ती मराठीत बोलली, हळूच बोलली, चेहऱ्यावर राग नव्हता. पण वाटीवर ठेवलेल्या हाताला कुठली भाषा लागते? सेविम-सानचं वाक्य तिथेच राहिलं. तिने आईच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि वाटी उचलली. "हरकत नाही," ती जपानीत म्हणाली. जपानीत हे वाक्य इतक्या वेळा म्हणतात की त्याला काही अर्थ उरलेला नसतो. तिने आमच्यासमोर चहाचे दोन छोटे पेले ठेवले, कमरेत बारीक असलेले. आई उठून बेसिनपाशी गेली आणि तिने हात धुतले. कोपरापर्यंत धुतले.

ऑफिसात मी रोज चाळून भाषांतर करते. क्लायंट रागावला तर 'थोडी चिंता व्यक्त केली' म्हणते. त्या दुपारी मात्र जसंच्या तसं सांगत गेले. 'गेली' हा एक शब्द गिळला असता तर आईने वाटी पुसून खाल्ली असती. आणि खरं सांगू? आईचा हात आला तेव्हा मलाही भीती वाटली. मी स्वतःला पुष्कळ सुधारलेली समजते. पण तो चमचा आईने काढून घेतला नाही, मीच ठेवला. मला त्या शिऱ्याची इतकी इच्छा झाली होती की काकवी मी विसरूनसुद्धा गेले होते.

निखिल आला तेव्हा आम्ही बाहेर फुटपाथवर उभ्या होतो. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "माझ्यासाठी तरी ठेवायचा होता. मी कुठे गरोदर आहे?" कुणी हसलं नाही.

समुद्राकाठची सकाळ

कुशिमोतोला समुद्रात खडकांचे सुळके एका रांगेत उभे आहेत, पुलाचे नुसते खांब राहावेत तसे. सूर्योदय बघायला लोक मुद्दाम येतात. आमच्या लॉजच्या खिडकीतून ते दिसत होते. मला जाग आली तेव्हा आई शाल गुंडाळून खिडकीशी बसली होती.

"तुझ्या वेळी मलाही सातवाच होता," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "माझी आई गेली तेव्हा."

हे मला माहीत नव्हतं. आजी मी जन्मायच्या आधी गेली एवढंच माहीत होतं.

"मला कुणी सांगितलं नाही. गरोदर बाईला सांगायचं नसतं. साताऱ्याहून तार आली, ती तुझ्या आजोबांनी खिशात ठेवली. घरात सगळ्यांना ठाऊक, मला सोडून. मी आपली आईची वाट बघतेय, बाळंतपणाला येईल म्हणून. तुझं बारसं झाल्यावर सांगितलं."

"तू चिडली नाहीस?"

"कुणावर? तू गुटगुटीत झाली होतीस. सगळे म्हणाले, बघ, पाळलं म्हणून नीट झालं. मीही तेच धरून बसले. नाहीतर मग कशासाठी मला सांगितलं नाही, सांग."

मी तिच्या खांद्यावरची शाल नीट केली. मग ती म्हणाली, "ढवळला मी. तिच्या आईचा शिरा मी ढवळला आणि खाल्ला नाही. चल, उठ. जाऊन खाऊन येऊ. तूही खा."

मी जन्मल्यापासून आईने स्वतःचा नियम मोडल्याचं मी पाहिलेलं नाही. मी पाचव्या मिनिटाला कपडे करून तयार होते.

दुकानाचं शटर खाली होतं. त्यावर 'काही काळ बंद' असा कागद चिकटवलेला. शेजारी सुक्या मासळीचं दुकान आहे. तिथल्या आजीबाई जाळीवर मासे मांडत होत्या. मी विचारलं.

"सेविम-चान? ती काल संध्याकाळीच गेली. ओसाकाला, विमानतळावर. एकाएकी तिकीट मिळालं म्हणे. एवढी घाईने कुठे, म्हटलं, तर म्हणाली, आईला भेटायला." आजीबाईंनी मासा उलटा केला. "आई फार थकलीय तिची. बरं झालं, भेट होईल."

जी गोष्ट सेविम-सानने गल्लीत कुणालाच कळू दिली नव्हती, ती मी कशी सांगणार?

"जाताना सगळ्यांकडे गोड देऊन गेली," आजीबाई पुढे म्हणाल्या. "पाइनच्या बिया घातलेलं. फार छान होतं. आम्ही दोघांनी उभ्या उभ्याच संपवलं. कसलं होतं कोण जाणे, सण असेल त्यांचा."

"काय म्हणाल्या?" आईने विचारलं. मी या वेळीही जसंच्या तसं सांगितलं. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनी खाल्ला. जिने वासावरून ओळखला, जिने ढवळला, ती त्या शटरसमोर उभी होती.

आईने शटरला हात लावला, देवळाच्या बंद दाराला लावतात तसा. मग मला म्हणाली, "आजीबाईंना विचार, तिच्या आईचं नाव काय." आजीबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी आम्हाला एकेक संत्रं दिलं.

परत ओजिमाला

घरी आल्यावर तीन-चार दिवस आईने तो विषय काढला नाही. मग एके सकाळी स्वयंपाकघरातून रव्याचा वास आला. तिने निखिलला सुपरमार्केटला पाठवून बिनमिठाचं लोणी आणि पाइनच्या बिया आणवल्या होत्या. आमच्याकडे शिऱ्यात काजू-बेदाणेच पडतात, केळं घातलं तर सत्यनारायण. पाइनच्या बिया ती पहिल्यांदाच घालत होती. झाकणाखाली फडकं ठेवायला विसरली नाही. चमच्याने दाबून तिने तीन मुटके केले आणि एक वाटी माझ्यापुढे ठेवली.

"खा."

"आई, नक्की?"

"खा म्हणते ना. पण आधी नाव घ्यायचं." ती चमचा हातात धरून थांबली. "काय नाव म्हणाली ती?"

"सांगत होती. तेव्हाच तू..." पुढचं मी गिळलं.

गॅसवरचं पातेलं आईने उगाचच सरकवलं. "नाव न घेता कुणाला पोचणार?" ती म्हणाली. निखिल म्हणाला, "आई, सेविम-सानची आई असं म्हणा, तेवढं पुरेल." तिने मान हलवली. मग आमच्या दोघांकडे पाठ करून ती म्हणाली, "सुलोचना." ते माझ्या आजीचं नाव. आम्ही शिरा खाल्ला. चांगला झाला होता. पण तो सेविम-सानच्या आईचा नव्हता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मुलगी झाली, तिचे कान अगदी व्यवस्थित आहेत. आई व्हिसा संपायच्या आत पुण्याला परत गेली. मी त्या दुकानाला फोन करते. वाजत राहतो, कुणी उचलत नाही. बाळाला घेऊन एवढ्या लांब जाणं सध्या माझ्याच्याने होणार नाही, म्हणून हे सगळं लिहिलं.

तुमच्यापैकी कोणी कुशिमोतोला गेलंच, तर बेटावरचं आइस्क्रीम खा, सकाळी खडकांची रांग बघा. मग बंदराजवळच्या गल्लीत, सुक्या मासळीच्या दुकानाशेजारी, शटर उघडं आहे का ते पाहा. उघडं असेल तर सूप घ्या, फेसाचं ताक घ्या, पालकाची पोळी घ्या आणि काकवी मागून घ्या. शिरा मागू नका, तो मागून खायचा नसतो. शेवटी ती चहा घेऊन येईल, तेव्हा तिला सांगा की पोटुशी मुलगी आणि तिची आई यांनी विचारलंय, तुमच्या आईचं नाव काय होतं. नीट ऐकून घ्या आणि मला कळवा.

आई रोज पुण्याहून फोन करते. बाळाने दूध घेतलं का विचारते, शी झाली का विचारते, आणि फोन ठेवायच्या आधी विचारते, "नाव कळलं का गं?"